टाचणीवर टांगलेला इतिहास

इतिहास हा राजांच्या तलवारींवर उभा असतो असं शाळेत शिकवतात. माझं मत थोडं निराळं आहे. इतिहास टाचणीवर टांगलेला असतो. तलवार ही वर्षातून एक-दोनदा उपसायची वस्तू. कपडे रोज सकाळी घालावे लागतात, आणि घातल्यावर ते संध्याकाळपर्यंत अंगावर टिकावे लागतात. कुठल्याही साम्राज्यातला पहिला प्रश्न 'राज्य कोणाचं?' हा नसून 'अंगावरचं घसरणार तर नाही ना?' हाच असतो. पहिल्या प्रश्नावर कपाटं भरतील इतके ग्रंथ आहेत. दुसऱ्याबद्दल कोणी फारसं लिहून ठेवलं नाही. कारण त्याचं उत्तर बायकांना ठाऊक असतं आणि ग्रंथ पुरुष लिहीत आले.

हा सिद्धान्त मला सुचला तो अँग्लो-सॅक्सन लोकांमुळे. इ. स. ४१० च्या सुमारास ब्रिटनमधला रोमन कारभार आटोपला आणि पुढच्या काळात आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीकडून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट ही मंडळी तिथे येऊन राहिली. ५९७ साली पोपने धाडलेला ऑगस्टिन नावाचा साधू केंटमध्ये उतरला. तोपर्यंत म्हणजे सुमारे दीडशे वर्षं हे लोक आपापले जुने देव भजत होते. टिव, वोडन, थुनोर आणि फ्रिगबाई. तुम्ही म्हणाल, हे देव आम्हांला ठाऊक नाहीत. ठाऊक आहेत! ट्यूसडे, वेन्सडे, थर्सडे आणि फ्रायडे म्हणजे हेच चौघे. ज्यांचं एकही देऊळ आज उभं नाही, त्यांची नावं जगभरच्या कचेऱ्यांत रोज न चुकता घेतली जातात, आणि रजेच्या अर्जावर तर विशेष भक्तिभावाने.

या लोकांना लिहिण्याचा भारी कंटाळा. रून नावाची टोकदार अक्षरं त्यांच्याकडे होती, पण त्यांचा उपयोग चार-दोन शब्द कोरण्यापुरता. त्यामुळे त्यांनी काय घातलं होतं हे त्यांच्या तोंडून कळत नाही. मग शेजाऱ्याला विचारावं लागतं. असा शेजारी म्हणजे टॅसिटस हा रोमन इतिहासकार. इ. स. ९८ मध्ये, म्हणजे ही मंडळी समुद्र ओलांडण्याच्या साडेतीनशे वर्षं आधी, त्याने जर्मनीतल्या टोळ्यांवर एक पुस्तक लिहिलं. तो सांगतो की तिकडे सगळ्यांच्या अंगावर एक जाड पांघरूण असतं. ते आकड्याने अडकवतात, आणि आकडा नसला तर काट्याने. हो, झाडाच्या काट्याने! गरिबाची सेफ्टी पिन झाडाला लागते, हे अर्थशास्त्र मला फार आवडलं. बायका पुष्कळदा जांभळ्या काठाचं ताग्याचं तलम वस्त्र नेसतात, त्याला बाह्या नसतात, दंड उघडे असतात, असंही तो लिहितो. इथे टॅसिटससाहेबांची लेखणी जरा रेंगाळते, आणि भानावर येऊन लगेच, तिकडची लग्नबंधनं मात्र फार कडक असतात हो, असं सांगून मोकळी होते.

ब्रिटनमधल्या अँग्लो-सॅक्सन बाईचा वेष समजायला अगदी सोपा. एक भलं मोठं लोकरीचं नळकांडं डोळ्यांसमोर आणा. दोन्ही तोंडं उघडी असलेला उशीचा अभ्रा म्हणा हवं तर. त्यात शिरायचं, वरची कड काखेपर्यंत ओढायची, मागची कड खांद्यावरून पुढे घेऊन पुढच्या कडेला टाचायची. एक ब्रोच या खांद्यावर, एक त्या खांद्यावर. कमरेला पट्टा. झाला पोशाख. आत बहुधा एक बाह्यांचा सदरा, आणि थंडी असेल तर वरून शाल, तिच्यासाठी तिसरा ब्रोच. मण्यांची माळ गळ्यात घालायची रीत नव्हती. ती या खांद्याच्या ब्रोचपासून त्या खांद्याच्या ब्रोचपर्यंत छातीवर लोंबायची. काचेचे मणी, मधूनमधून पिवळसर अंबराचे. आपण दोरीवर कपडे वाळत घालतो, त्या बायका कपड्यांवर दोरी वाळत घालत असत.

या सगळ्या प्रकारात बटण नाही. काजं-बटणं युरोपात नीट रुळायला तेरावं शतक उजाडावं लागलं. केंटकडे सापडणाऱ्या एका छोट्या गोल ब्रोचला तज्ज्ञ 'बटण-ब्रोच' म्हणतात. त्यावर एक माणसाचा चेहरा कोरलेला असतो, आणि बटण लावणं सोडून बाकी सगळी कामं तो करतो. सेफ्टी पिनचीही तीच गंमत. १८४९ साली वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तिचं पेटंट घेतलं आणि चारशे डॉलरला विकून टाकलं. तारेला पीळ देऊन तिचं टोक खोबणीत अडकवायचं ही युक्ती युरोपातल्या लोकांना त्याच्या आधी तीन हजार वर्षांपासून ठाऊक होती. त्यांनी पेटंट घेतलं नाही. घाईत असतील.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये या लोकांच्या दालनात गेलो होतो. मी अर्थातच शिरस्त्राणासमोर उभा होतो. पुरुष शिरस्त्राणासमोरच उभे राहतात. ही पलीकडे ब्रोचच्या कपाटाला नाक लावून उभी.

"अहो, हे लावायचे कसे?"

"कसे म्हणजे? पिनेने."

"ते मलाही कळतं. पण पिन मागे असणार ना! मागची बाजू दाखवलीच नाहीये मेल्यांनी."

"अगं, पुढची नक्षी बघ की! केवढी सुंदर आहे."

"पुढून सगळेच चांगले दिसतात," माझ्याकडे नीट पाहत ती म्हणाली.

सोनाराच्या दुकानातही हिची हीच रीत. दागिना हातात आला की आधी उलटा करायचा. फिरकी घट्ट आहे का, डाग कसा दिलाय, मागे साडीत अडकेल असं काही आहे का, हे बघून मग तो सुलटा करून 'बरा आहे' म्हणायचं. पुढे वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की अँग्लो-सॅक्सन पोशाखाचे सगळे विद्वान नेमकं हेच करतात. त्यांचा अर्धाअधिक अभ्यास ब्रोचच्या पाठीमागे आहे.

त्याचं असं आहे. हे लोक मेलेल्या माणसाला कपड्यांसकट, दागिन्यांसकट पुरत. (काही ठिकाणी जाळतही.) चौदाशे वर्षांत कापड कुजून जातं. उरतो तो धातू. पण ब्रोच पितळी-काशाचा असला तरी त्याची पिन पुष्कळदा लोखंडाची. ती गंजते. गंजताना तिला चिकटलेल्या कापडाचा धागा न् धागा त्या गंजात मुरतो, आणि कापड गेलं तरी त्याचा साचा तसाच्या तसा राहतो. तांब्याच्या क्षारांनी जंतू मरतात म्हणून त्याला लागून असलेला धागाही टिकतो. ज्या गंजाच्या नावाने आपण आयुष्यभर बोटं मोडतो, त्या गंजाने एका अख्ख्या समाजाची वस्त्रं नखाएवढ्या तुकड्यांत सांभाळून ठेवली. जुन्या काळच्या हौशी संग्राहकांना हे कुठलं कळायला! त्यांनी ब्रोच सापडला की घासूनपुसून लख्ख केला. पुढची बाजू चमकली आणि मागचा इतिहास फडक्याला लागून गेला.

अठराव्या शतकात ब्रायन फॉसेट नावाच्या एका पाद्रीबाबांनी केंटमध्ये सातशेहून जास्त थडगी उकरली. १७७१ मध्ये त्यांना किंग्स्टन इथे सोन्याचा असा ब्रोच मिळाला की आजही त्याच्या तोडीचा दुसरा सांगता येत नाही. पण ही माणसं अँग्लो-सॅक्सन आहेत हे त्यांना अखेरपर्यंत पटलं नाही. ते त्यांना रोमन वळणाचे ब्रिटन समजत राहिले. खरं काय ते १७९३ मध्ये जेम्स डग्लस यांनी छापलं. पुढे विसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक घेऊन ब्रोचच्या पाठी तपासायला बसल्या त्या एलिझाबेथ क्रोफुट. त्यांच्या आई ग्रेस क्रोफुट यांचं कामही हेच. आणि बहीण? डोरोथी हॉजकिन. १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्या! एका घरात एक बहीण रेणूंची वीण उकलते आहे, दुसरी कोणा अनामिक बाईच्या झग्याची. त्या घरात कपडे कोण वाळत घालत असेल कोण जाणे.

त्या गंजक्या चिमूटभर धाग्यांतून काय काय निघालं! लोकरीची तिरप्या विणीची कापडं निघाली. हिऱ्याच्या आकाराची नक्षी निघाली, आणि तीसुद्धा रंगाशिवाय. काही धागे उजवीकडे पीळ दिलेले, काही डावीकडे. ते आळीपाळीने लावले की उजेड पडल्यावर कापडात पट्टे दिसतात. भोकं पाडलेल्या चौकोनी तबकड्यांतून दोरे ओवून विणलेले काठ निघाले. सफोकमधल्या वेस्ट स्टो इथे १९६५ ते १९७२ या काळात त्यांचं एक गावच खणून काढलं, तिथे मातीची भाजलेली वजनं मिळाली. माग भिंतीला टेकवून उभा करायचा आणि ताण्याचे दोरे ताठ राहावेत म्हणून खाली ही वजनं बांधायची.

विणायला वेळ लागतोच, पण त्याहून कितीतरी जास्त वेळ सूत कातायला लागतो. चरखा अजून यायचा होता. एका झग्याचं सगळं सूत टकळीवर! शाळेत टकळी फिरवलेल्या आपल्या जुन्या पिढीला यातलं दुःख सांगायला नको. वीतभर सूत निघेपर्यंत तास संपायचा. टकळीच्या त्या चकत्या बायकांच्या थडग्यांत सापडतात. म्हणजे मेल्यावरही सुटका नाही. नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाने आपल्या मृत्युपत्रात घराण्याच्या दोन बाजू सांगितल्या आहेत, भाल्याची आणि टकळीची. पुरुषांची बाजू भाल्याची, बायकांची टकळीची. जगाने भाल्याच्या बाजूचा इतिहास लिहिला. अंगावर मात्र दोन्ही बाजूंनी टकळीचंच घातलं.

आता थोडं पुरुषांविषयी. थोडंच, कारण सांगण्यासारखं फारसं नाही. सदरा, विजार, पट्टा. पट्ट्याला एक बक्कल आणि एक सुरी. साध्या पुरुषाच्या थडग्यात कपड्यांचं म्हणून एवढंच सापडतं. एक चित्र मात्र हाती आहे. नॉरफोकमध्ये स्पाँग हिल इथे १९७९ मध्ये रक्षापात्राचं एक मातीचं झाकण मिळालं. त्यावर एक लहानशी आकृती खुर्चीत बसली आहे. डोक्याला चपटी गोल टोपी आणि दोन्ही हात गालांना. ती स्त्री की पुरुष यावर विद्वानांत वाद आहे. माझ्यापुरता तो मिटलेला आहे. बायको तयार होईपर्यंत थांबलेला तो नवरा आहे.

राजाची गोष्ट वेगळी. १९३९ मध्ये सटन हू इथे जमिनीखाली अख्खं जहाज सापडलं. सातव्या शतकाच्या सुरुवातीला पुरलेलं. त्यात जो राजा होता तो बहुधा रेडवाल्ड. या राजाने बाप्तिस्मा घेतला होता आणि एकाच देवळात एक वेदी ख्रिस्ताची आणि एक जुन्या देवांची ठेवली होती, असं बीड हा इतिहासकार सांगतो. सावधपणा हा गुण राजाला हवाच. त्याच्या पट्ट्याचं सोन्याचं बक्कल ४१२ ग्रॅमचं, म्हणजे जुन्या हिशेबाने पस्तीस तोळ्यांचं. विजार सांभाळायला पस्तीस तोळे! आणि तेही उलटं करून बघण्यासारखं आहे, कारण ते आतून पोकळ असून मागे एक उघडणारं झाकण आहे. याच्या खांद्यावरच्या चापांत लाल गार्नेटचे खडे बसवले आहेत. त्या काळच्या अशा बऱ्याच खड्यांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा ते भारतातले आणि श्रीलंकेतले निघाले. इंग्लंडचे राजे आपल्याकडची रत्नं लावून मिरवतात ही गोष्ट कोहिनूरच्या बाराशे वर्षं आधीची आहे. फरक इतकाच की तेव्हा ती मंडळी पैसे देऊन घेत असत. या खड्यांच्या पाठीशी बारीक रेघोट्या उमटवलेला सोन्याचा पातळ वर्ख लावलेला असतो. उजेड त्यावर आपटून परत येतो म्हणून खडा पेटल्यासारखा दिसतो. म्हणजे पुढच्या तेजाचं रहस्य पुन्हा मागेच!

पुन्हा बायकांकडे वळू. ब्रोच पाहून बाई कुठली ते ओळखता येत असे. बशीसारखे खोलगट ब्रोच लावणारी सॅक्सन. सदऱ्याच्या बाहीला मनगटाशी धातूचे हूक लावणारी अँगल. ही हुकाची फॅशन नॉर्वेकडून आली. तिकडे पुरुषही लावत, इकडे आल्यावर ती बायकांचीच झाली. अँगल बायकांचा आणखी एक ब्रोच क्रूसाच्या आकाराचा. त्याचा ख्रिस्ताशी काही संबंध नाही. त्याच्या खालच्या टोकाला घोड्याचं तोंड असतं. याच बायकांच्या कमरेला काशाच्या किल्ल्यांची जोडी लोंबायची. या किल्ल्यांनी कुठलंच कुलूप उघडत नाही. त्या किल्ल्या दाराच्या नव्हत्याच, घरातल्या अधिकाराच्या होत्या. 'या घरात कोणाचं चालतं' हे सांगायला कुलपाची गरज कधीच नव्हती.

पण ब्रोच पाहून बाई ओळखावी आणि तिथेच थांबावं, तर तेही जमत नाही. केंब्रिजजवळ ओकिंग्टन इथल्या काही बायकांच्या अस्थींची जनुकीय तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतलं सगळ्यांत श्रीमंत थडगं एका बाईचं होतं. अंगावर मोठा थोरला क्रूसाकृती ब्रोच, अगदी अस्सल अँगल थाट. आणि बाई निघाली वंशाने मूळची ब्रिटनचीच! बाहेरून आलेली नव्हेच. म्हणजे तिने, किंवा तिच्या आईने, किंवा आजीने, केव्हातरी एका सकाळी नवा पोशाख अंगावर चढवला, खांद्यावर दोन पिना टोचल्या, आणि ती त्यांच्यातली झाली. त्यांनीही तिला आपली म्हटलं, नुसतं म्हटलं नाही तर गावातला सगळ्यांत मोठा मान दिला. रक्त तपासायची यंत्रं तेव्हा नव्हती हे किती बरं झालं! माणूस आपला की परका हे पिनेवर ठरत होतं, आणि पीन कोणालाही टोचून घेता येत होती.

आणखी एक गोष्ट त्या ब्रोचच्या पाठी सांगतात. कितीतरी ब्रोच झिजून गुळगुळीत झालेले आहेत. पिना बदललेल्या, तुटलेला कान पुन्हा जोडलेला. कुठे दोन खांद्यांवर दोन निराळे; एक हरवला असणार, मिळाला तो लावला. कुठे जुन्या रोमन नाण्याला भोक पाडून ते माळेत ओवलेलं. थडग्यात घालायला कोणी बाजारातून नवा दागिना आणला नव्हता. तिचं रोजचं होतं तेच तिच्यासोबत दिलं. काय घालायचं हे ठरवणाऱ्या हातांना ती ते कसं टाचायची हे ठाऊक होतं, म्हणून ते बरोब्बर जागेवर आहे.

ऑगस्टिन आल्यानंतरच्या शंभर वर्षांत हे सगळं बदललं. भूमध्य समुद्राकडची, फ्रान्सकडची नवी फॅशन आली, शिवलेला झगा आला, आणि खांद्यावरची जोडी गेली. हळूहळू मेलेल्या माणसाला वस्तूंशिवाय पुरण्याची रीत पडली. देवाघरी रिकाम्या हाताने जावं हे धर्माच्या दृष्टीने उत्तमच. पण त्यामुळे पुढच्या काळातल्या साध्या बायका काय घालत हे शोधायला ब्रोचची पाठच उरली नाही. लिहिणारे आले आणि माहिती कमी झाली!

जाता जाता एक मात्र घडलं. नॉरफोकमध्येच हार्फर्ड फार्म इथल्या सातव्या शतकातल्या एका बाईच्या थडग्यात सोन्याचा, गार्नेट जडवलेला गोल ब्रोच मिळाला. त्याच्या मागे, जिथे कोणी बघत नाही तिथे, रून अक्षरांत एक वाक्य कोरलेलं आहे. 'लुडाने हा ब्रोच दुरुस्त केला.' बस, एवढंच. ज्या बाईने तो जन्मभर लावला, मोडल्यावर टाकून न देता दुरुस्तीला नेला, आणि अखेर सोबत नेला, तिचं नाव कुठेही नाही. नाव आहे ते दुरुस्तीवाल्याचं. चौदाशे वर्षांत दुसरी कुठलीही तक्रार न येता टिकलेली ही दुरुस्ती आहे, तेव्हा लुडाला नाव कोरण्याचा हक्क आहे हे मी मान्य करतो. पण तो ब्रोच उलटा करून 'हे काय खरडलंय मागे?' असं तिने त्याला नक्की विचारलं असणार.